खोलीचे भाडे आणि गाडीचे भाडे

या व्याख्यानमालेत दरवर्षी विद्वान मंडळी बोलतात. त्यांच्या पंक्तीत चालकांनी आमचेही पान मांडले, याबद्दल त्यांचे आभार मानून विषयाकडे वळतो. आम्ही अर्थशास्त्राचे पदवीधर नव्हे. आमचे वडील गिरणीत साचेवाले होते. १९८२ च्या संपानंतर घरची घडी विस्कटली आणि आमची शाळा नववीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतील जुन्या पुस्तकांवर, आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात तारखेची वाट पाहत बसलो असताना. तेव्हा या लेखात मोठाले सिद्धांत सापडणार नाहीत. कामगाराच्या खिशातून पैसा कोणकोणत्या वाटांनी जातो, याचा हिशेब तेवढा आम्ही मांडणार आहोत.

हा हिशेब मुंबईचा आहे, कारण आमची हयात तेथे गेली. पण पुणे, नागपूर, ठाणे येथील श्रोत्यांनी आपापल्या गावाचे आकडे त्यात घालून पाहिले, तर रीत तीच निघेल असे आम्हांस वाटते.

दोन निर्णय

प्रथम दोन तारखा ध्यानात घ्याव्यात. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर, म्हणजे दहिसर, मुलुंडचे दोन नाके, ऐरोली आणि वाशी येथे, हलक्या वाहनांना टोल माफ केला. तोवर मोटारीला एका वेळचे ४५ रुपये पडत. टोल गोळा करणाऱ्या ठेकेदाराचे जे नुकसान होईल ते शासनाच्या तिजोरीतून भरून द्यावयाचे ठरले. त्यानंतर सात महिन्यांच्या आत, ९ मे २०२५ पासून, बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले आणि वातानुकूलित बसचे ६ वरून १२.

हे दोन निर्णय वेगवेगळ्या दारांतून बाहेर पडले. एक मंत्रालयाचा, दुसरा बेस्ट आणि महानगरपालिका यांचा. कोणी मुद्दाम एका हाताने काढून दुसऱ्या हातात दिले, असा आमचा आरोप नाही. टोलमाफीचा लाभ भाड्याची टॅक्सी चालविणाऱ्या आमच्या भाऊबंदांनाही झाला, हेही मान्य केले पाहिजे. पण परिणाम पाहा. घरून स्टेशनापर्यंत एक बस आणि स्टेशनावरून घरी एक बस, असा महिन्याचे सव्वीस दिवस प्रवास करणाऱ्या बाईचा किमान भाड्याचा खर्च २६० रुपयांवरून ५२० रुपयांवर गेला. रोज एकदा नाका ओलांडणाऱ्या, पास न काढलेल्या मोटारवाल्याचे त्याच सव्वीस दिवसांत १,१७० रुपये वाचले.

एवढ्यावरून लगेच घोषणा देत सुटण्याचे कारण नाही. आम्ही पुष्कळ घोषणा दिल्या आहेत. त्या देण्यापूर्वी प्रश्न नीट समजून घेतला नाही की वाटाघाटीच्या टेबलावर फजिती होते, हा आमचा अनुभव आहे. म्हणून थोडे मागे जाऊन पाहू.

पायी चालण्याचे शहर

मुंबईत पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावली. घोड्यांची ट्राम १८७४ साली सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी या फेरीला आरंभी तीन आणे घेत. उतारू वाढू लागले तेव्हा कंपनीने ते दोन आण्यांवर आणले. कंपनी काही धर्मादाय नव्हती. दर उतरविला की माणसे वाढतात, एवढे तिला कळत होते. विजेची ट्राम १९०७ साली आली, मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी, आणि ७ ऑगस्ट १९४७ रोजी हा सर्व पसारा महानगरपालिकेच्या मालकीचा झाला.

तरीसुद्धा गिरणी कामगाराचे मुख्य वाहन म्हणजे त्याचे पाय. भोंगा ऐकून पाळी गाठावयाची तर बिऱ्हाड गिरणीच्या आसपासच हवे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत बहुसंख्य गिरणी कामगार गिरणीपासून पंधरा मिनिटांच्या चालीवर राहत असत. परळ, लालबाग, वरळी, नायगाव येथील चाळी अशा दाटीने उभ्या राहिल्या त्याचे कारण हेच. खोली अंधारी, संडास सामाईक, एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे किंवा खाणावळीचे वीस गडी. हे सुख होते असे आम्ही म्हणत नाही. १८९६ च्या प्लेगने या दाटीची किंमत वसूल केली आणि त्यानंतर १८९८ साली सुधार विश्वस्त मंडळ, म्हणजे लोकांच्या बोलण्यातला 'ट्रस्ट', स्थापन झाले. १९२० च्या दशकात बी. डी. डी. चाळी बांधल्या गेल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, आणि एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची.

मुद्दा असा की त्या खोलीच्या भाड्यातच प्रवासाचे भाडे जमा होते. कामगार जागेचे पैसे देत होता आणि त्या पैशांत वेळही विकत घेत होता. खोलीचे भाडे आणि गाडीचे भाडे ही दोन बिले नसून एकाच बिलाचे दोन कागद आहेत. एक कागद लहान केला की दुसरा मोठा होतो. शहराबाहेर स्वस्त घर देतो म्हणणाऱ्याला आपण दुसरा कागद दाखवावयास सांगितला पाहिजे.

गोठविलेले भाडे

आता आमच्या चळवळीला जरा अप्रिय वाटेल असे बोलतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत माणसे वाढली, घरे वाढली नाहीत. भाडी भडकू नयेत म्हणून नियंत्रण आले आणि १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकले. या कायद्याने लाखो कुटुंबांना रस्त्यावर येण्यापासून वाचविले. आमचेही कुटुंब त्यांतलेच. त्या काळी तो कायदा हवाच होता.

पण भाडे गोठले, चुन्याचे, लाकडाचे आणि गवंड्याच्या मजुरीचे दर गोठले नाहीत. मालकाने डागडुजी सोडून दिली. उघड भाडे थोडे आणि पगडी भरमसाट, असा व्यवहार रूढ झाला. तुळया कुजल्या, जिने खचले, पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या. अखेर १९६९ साली कायदा करून दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले आणि उपकर बसवून दुरुस्तीचा खर्च उभा करावा लागला. तोवर वीस-बावीस वर्षे निघून गेली होती.

यातून काय शिकावयाचे? भाडे नियंत्रण वाईट, असा अर्थ काही मंडळी काढतात. तो आम्हांस मान्य नाही. शिकावयाचे ते हे की, एखादी वस्तू स्वस्त ठेवावयाची असेल तर आकडा गोठवून भागत नाही. उरलेला खर्च कोणी सोसावयाचा हे त्याच दिवशी ठरवावे लागते. ते ठरविले नाही तर खर्च नाहीसा होत नाही. तो भिंतीत मुरतो आणि पुढे भाडेकरूच्याच डोक्यावर पडतो.

बेस्टच्या भाड्याचे नेमके असेच झाले.

बसचा तोटा

जुलै २०१९ मध्ये बेस्टचे किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपये करण्यात आले. आम्ही त्याचे स्वागत केले होते आणि आजही करतो. रिक्षाच्या रांगेत उभे राहणारे लोक बसकडे परतले. ट्रामच्या कंपनीला जे कळले होते तेच पुन्हा दिसून आले. पण दर उतरविताना, कमी झालेले उत्पन्न कोठून भरून निघेल याची कायमची सोय झाली नाही.

पूर्वी ती सोय होती. बेस्ट वीजही पुरवीत असे आणि विजेच्या उत्पन्नातून बसचा तोटा भरून निघत असे. शहराच्या दक्षिण भागातील दिवे शहराच्या बसगाड्यांना हातभार लावीत होते, असे म्हटले तरी चालेल. २००३ च्या वीज कायद्यानंतर ही वाट हळूहळू बंद झाली. वीजग्राहकाने बसप्रवाशाचा खर्च का सोसावा, असा प्रश्न निघाला. तो अगदीच गैर नव्हता. मात्र त्या वाटेच्या जागी दुसरी वाट काढावयास हवी होती, ती निघाली नाही. महानगरपालिकेकडून वर्षागणिक मदत मिळत राहिली. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ती १,००० कोटी रुपयांची होती.

खर्च मग कोठे मुरला? दोन ठिकाणी. पहिले ठिकाण बसथांबा. एके काळी बेस्टच्या ताफ्यात चार हजारांहून अधिक गाड्या होत्या. २०२५ साली स्वतःच्या आणि भाड्याच्या मिळून त्या तीन हजारांच्या आत आल्या. तिकीट पाच रुपयांचे, पण गाडीच अर्धा तास येत नाही. मग त्या पाच रुपयांचा उपयोग काय? दुसरे ठिकाण चालकाची आणि वाहकाची पाठ. जानेवारी २०१९ मध्ये बेस्टच्या कामगारांनी नऊ दिवसांचा संप केला. त्यानंतर भाड्याच्या गाड्या वाढत गेल्या. त्यांवरील चालक ठेकेदाराचा, पगार कमी, नोकरीची शाश्वती नाही. 'समान कामाला समान वेतन' ही मागणी घेऊन ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनीही काम बंद ठेवले. पुढे काही ठेकेदार परवडत नाही म्हणून गाड्या काढून घेऊन गेले. प्रवाशाला दिलेली सवलत शहराने सोसली नाही. ती ताटकळणाऱ्या प्रवाशाने आणि बस चालविणाऱ्या कामगाराने मिळून सोसली, आणि शेवटी २०२५ मध्ये भाडे दुप्पट होऊन सवलतही गेली.

विकास आणि तोटा

येथे शब्दांची एक गंमत सांगतो. बससाठी दिलेल्या पैशाला आपल्याकडे 'तोटा' म्हणतात. मोटारीच्या रस्त्यासाठी दिलेल्या पैशाला 'विकास' म्हणतात.

मुंबईचा किनारी रस्ता घ्या. मरीन ड्राइव्हपासून वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या वरळीकडील टोकापर्यंत सुमारे साडेदहा किलोमीटर. खर्च तेरा ते चौदा हजार कोटी रुपये, आणि तो महानगरपालिकेचा. मार्च २०२४ पासून तो टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्यावर टोल नाही. दुचाकीला, म्हणजे गरिबाच्या आणि हातावर पोट असलेल्याच्या वाहनाला, तेथे मज्जाव आहे. बेस्टची बस त्यावरून सुरू झाली, हे न्यायाला धरून सांगितले पाहिजे. पण रस्ता बांधला गेला तो बसकरिता नव्हे. वर बेस्टला मिळणारे वर्षाचे १,००० कोटी सांगितले. त्या हिशेबाने या एका रस्त्याच्या खर्चात बेस्टची तेरा वर्षांची मदत बसते. तरी या रस्त्याला दरवर्षी किती तोटा होतो, असा प्रश्न कोणत्याही सभागृहात कोणी विचारीत नाही. तो प्रश्नच हास्यास्पद वाटतो. बसच्या बाबतीत मात्र तो पहिला प्रश्न असतो.

यावर उत्तर येते की मोटारवाला कर भरतो. भरतो, हे खरे. गाडी घेताना वाहनकर, पेट्रोलवर कर. पण हे कर राज्याच्या आणि केंद्राच्या तिजोरीत जातात आणि शाळा, पोलीस, पाटबंधारे अशा शेकडो कामांत खर्च होतात. शहरातील रस्ते महानगरपालिका बांधते. तिचे उत्पन्न मालमत्ता करातून आणि जुलै २०१७ पर्यंत जकातीतून येत असे. जकात गेल्यावर तिची भरपाई राज्याकडून येते. जकात म्हणजे काय? चाळीतल्या बाईने घेतलेल्या तेलाच्या पिशवीवरही ती चढलेली असे. म्हणजे ज्याच्याकडे सायकलही नाही त्याने रस्त्याचे पैसे भरलेले आहेत. उलट एस.टी.च्या तिकिटावर वर्षानुवर्षे साडेसतरा टक्के प्रवासी कर घेतला गेला. खेड्यातला माणूस फाट्यावर उभा राहून बसने जातो म्हणून त्याने कर भरावयाचा!

मुंबई महानगर प्रदेशातील प्रवासाची मोठी पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. तीत निम्म्याहून अधिक फेऱ्या निव्वळ पायी होत होत्या. त्याखालोखाल रेल्वे आणि मग बस. खाजगी मोटारीचा वाटा अगदी थोडा. त्या पायी चालणाऱ्यांसाठी फुटपाथ किती आणि कसे आहेत, हे श्रोत्यांना सांगावयास नको.

मोटारीची खोली

आता घराकडे वळू. मोटार धावते तेव्हा तिला रस्ता लागतो, पण दिवसाचे बहुतेक तास ती उभीच असते. उभ्या मोटारीलाही जागा लागते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत मोटार उभी करण्याच्या जागेचे माप दिले आहे. अडीच मीटर रुंद, साडेपाच मीटर लांब. गुणाकार केला की पावणेचौदा चौरस मीटर होतात, म्हणजे सुमारे १४८ चौरस फूट. शिवाय तेथवर जाण्यायेण्याची वाट वेगळी.

बी. डी. डी. चाळीची खोली १६० चौरस फुटांची, हे वर सांगितलेच. त्या खोलीत सहा-आठ माणसे वाढली, लग्ने झाली, बाळंतपणे झाली. जवळजवळ तेवढीच जागा एका मोटारीला.

नवी इमारत बांधताना मोटारींसाठी इतक्या जागा ठेवा, असे नियम सांगतो. ती जागा चटईक्षेत्रात धरली जात नाही. मोटारीच्या खोलीला कायद्याचे संरक्षण आहे. माणसाच्या खोलीसाठी तसा नियम नाही. त्याने सोडतीत नाव निघण्याची वाट पाहावयाची. पार्किंगचे ते मजले फुकट उभे राहत नाहीत. त्यांचे सिमेंट आणि लोखंड घराच्या किमतीत चढते आणि ज्याला मोटार नाही असा घर घेणाराही ते भरतो. ज्यांना इमारतीत जागा नाही त्यांच्या गाड्या गल्लीत रात्रभर बहुधा फुकट उभ्या असतात. त्याच गल्लीत भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या मावशीला मात्र पालिकेची गाडी उठविते.

गिरणीची जमीन, शेलूचे घर

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. मागे उरली जमीन, सुमारे ६०० एकर, शहराच्या ऐन मध्यावर, रेल्वेच्या दोन मार्गांना लागून.

१९९१ च्या नियमावलीत या जमिनीची वाटणी सांगितली होती. एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी, उरलेली मालकाला. वाटणी बरी होती. २००१ साली नियम बदलला. सगळ्या जमिनीची वाटणी करण्याऐवजी, बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीचीच करावयाची, असे ठरले. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? वाटणी होती तशीच राहिली, पण वाटावयाचे ताट लहान झाले. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरविला.

आज त्या जमिनीवर उंच मनोरे आहेत आणि त्यांच्या पोटात पार्किंगचे मजले आहेत. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ साली, ६,९२५ घरांची, निघाली. अर्ज पावणेदोन लाखांच्या आसपास. मुंबई आणि परिसरात प्रत्यक्ष निघालेली घरे पंधरा हजारांच्या आसपास. बाकीच्यांसाठी शासनाने शेलू आणि वांगणी येथे घरांची योजना पुढे केली. ९ जुलै २०२५ रोजी आझाद मैदानावर गिरणी कामगार आणि त्यांचे वारस जमले, ते 'आम्हांस मुंबईत घर हवे' हे सांगण्यासाठी. वर्तमानपत्रे वाचून काही मंडळी म्हणाली, यांना फुकटात मुंबईच पाहिजे, कर्जतच्या रस्त्याला मिळते आहे ते घ्यावे की.

अशा मंडळींसाठी दुसरा कागद उघडून दाखवतो. वांगणी आणि शेलू ही स्टेशने बोरीबंदरपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर आहेत. घरापासून स्टेशन, गाडीची वाट, गर्दीत उभ्याने प्रवास आणि परळला उतरून कामाची जागा, असे सगळे धरले की एका खेपेला दोन तास सहज मोडतात. जाऊन-येऊन चार. सव्वीस दिवसांचे १०४ तास. आठ तासांच्या पाळीने भागिले की तेरा पाळ्या. म्हणजे महिन्यातल्या सव्वीस पाळ्यांसाठी आणखी तेरा पाळ्या फलाटावर आणि डब्यात भरावयाच्या, त्याही बिनपगारी.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याचे ४८ तास ठरले. दोन पिढ्यांनी तासांसाठी झगडून जे मिळविले ते असे आगगाडीत परत जाते.

आमच्या युनियनमध्ये एक बाई आहेत. ज्या आवारात त्यांचे सासरे साचावर उभे राहत, त्याच आवारातील एका कचेरीच्या फरशा त्या पुसतात. राहतात बदलापूरच्या पुढे. एकदा पावसाने गाडी रखडली, त्या चाळीस मिनिटे उशिरा पोचल्या. कंत्राटदाराच्या मुकादमाने अर्ध्या दिवसाचा खाडा लावला. आम्ही भांडायला गेलो. मुकादम म्हणाला, "साहेब, गाडी माझी नाही." बाई म्हणाल्या, "दादा, माझी तरी कुठं हाय?" खाडा आम्ही रद्द करून घेतला. पण त्या दोघांच्या बोलण्याचे उत्तर आम्हांस तेव्हा देता आले नाही. गाडीचा उशीर, घराचे अंतर आणि मजुरी हे तीन प्रश्न तीन खात्यांचे, आणि बाई मात्र एकच.

रेल्वेचा मासिक पास स्वस्त आहे म्हणून हे निभते. साधारण पंधरा एकेरी फेऱ्यांच्या पैशांत महिनाभर प्रवास होतो. जून २०१४ मध्ये तीस फेऱ्यांचे पैसे घेण्याचे ठरले होते. मुंबईत असंतोष उसळला आणि काही दिवसांतच उपनगरी दुसऱ्या वर्गापुरता तो निर्णय मागे घ्यावा लागला. पास महागला तर दूरचे घरही परवडत नाही, हे लोकांना न सांगता कळते.

व्हिएन्नाने काय केले

सभांत आम्हांस नेहमी विचारतात, हे सारे बोलावयास ठीक. पण घर आणि गाडी यांचा हिशेब एकत्र मांडणारे एखादे शहर दाखवा. आम्ही ऑस्ट्रियाच्या राजधानीकडे, व्हिएन्नाकडे बोट दाखवितो.

पहिल्या महायुद्धानंतर तेथे कामगार पक्षाच्या हाती नगरपालिका आली. १९२३ साली तिने घरांवर चढत्या प्रमाणात कर बसविला. लहान खोलीला नाममात्र, प्रासादतुल्य घराला भारी. त्या पैशांतून १९३४ पर्यंत साठ हजारांवर घरे बांधली आणि ती विकली नाहीत, भाड्याने दिली. आजही त्या शहरातील सुमारे निम्मे लोक नगरपालिकेच्या किंवा सार्वजनिक मदतीने बांधलेल्या घरांत राहतात.

वाहतुकीचेही तसेच. १९७० पासून तेथे मालकांकडून भुयारी रेल्वेसाठी दर कामगारामागे, दर आठवड्याला ठरावीक रक्कम घेतली जाते. कामगार वेळेवर दारात पोचतो याचा फायदा मालकालाही होतो, तर त्याने वाटा उचलावा, हा त्यामागील विचार. रस्त्यावर मोटार उभी करण्याचे पैसे पडतात. २०१२ साली वर्षभराचा पास ३६५ युरो केला, म्हणजे दिवसाला एक युरो. पुढे शहरात नोंदलेल्या मोटारींपेक्षा पासधारक अधिक झाले. २०२६ च्या आरंभापासून त्या पासचा दर वाढला आहे, हेही सांगतो; तेथेही पैसा आकाशातून पडत नाही. पण खर्च कोण कोण सोसणार, हे तेथे ठरलेले होते. म्हणून दर इतकी वर्षे टिकला आणि गाड्याही धावत राहिल्या.

मग करावयाचे काय?

व्हिएन्ना म्हणजे मुंबई नव्हे. तिची लोकसंख्या आपल्या एखाद्या उपनगराएवढी. तेव्हा नक्कल करा असे आम्ही म्हणत नाही, रीत उचलावी. चार गोष्टी आम्हांस करण्याजोग्या वाटतात.

पहिली, बसला दिला जाणारा पैसा वर्षागणिक मदत म्हणून न देता कायद्याने ठरलेल्या उत्पन्नातून द्यावा. मोटार उभी करण्याचे शुल्क, आणि मोठ्या कचेऱ्यांच्या मालकांकडून घेतलेला ठरावीक वाटा, हे त्याचे दोन झरे होऊ शकतात. लंडनने २००३ साली आणि न्यूयॉर्कने जानेवारी २०२५ मध्ये शहराच्या गजबजलेल्या भागात मोटार आणण्याचे पैसे घेण्यास सुरुवात केली. आपण निदान ती उभी करण्याचे घ्यावेत.

दुसरी, बसला रस्त्यावर स्वतःची पट्टी द्यावी. याला पैसा थोडा लागतो, धैर्य मात्र लागते. दोन-तीन मोटारींच्या जागेत पन्नास माणसे नेणारी गाडी त्याच मोटारींमागे अडकून पडते आणि तिच्यावरील चालकाची पाळी लांबते.

तिसरी, सार्वजनिक जमिनीवर, मग ती बंद पडलेल्या कारखान्याची असो, आगाराची असो की रेल्वेची, कामाच्या जवळ भाड्याची घरे बांधावीत आणि ती विक्रीस काढू नयेत. विकलेले घर दहा वर्षांनी बाजारात जाते. भाड्याचे घर पुढच्या कामगाराला मिळते. मात्र त्याचे भाडे ठरविताना दुरुस्तीचा खर्च कोठून येणार, हेही लिहून ठेवावे. १९४७ ची चूक दुसऱ्यांदा करू नये.

चौथी, घराची कोणतीही योजना जाहीर करताना तिच्यासोबत प्रवासाचा हिशेब जाहीर करण्याचे बंधन असावे. घराची किंमत इतकी, स्टेशन इतक्या अंतरावर, कामाच्या ठिकाणी पोचावयास इतके तास आणि इतके रुपये. मग स्वस्त कोणते आणि महाग कोणते, हे माणूस स्वतः ठरवील.

यांत कामगारांनाही थोडे सोडावे लागेल. आमच्यापैकीही काहींनी आता हप्त्यांवर मोटार घेतली आहे आणि तिला फुकट जागा हवी असे त्यांना वाटते. ज्यांनी घेतली त्यांना आम्ही दोष देत नाही. बस येत नाही म्हणून माणूस गाडी घेतो. पण बस यावी म्हणून उभ्या गाडीचे पैसे द्यावे लागले तर ते देण्याची तयारी आपणही ठेवली पाहिजे. नाहीतर मालकांना जे सांगतो ते सांगण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही.

आपल्या प्रभागात पुढची सभा होईल तेव्हा नगरसेवकाला दोन आकडे अवश्य विचारावेत. या वर्षी आपल्या प्रभागातील रस्त्यांवर किती खर्च झाला, आणि आपल्या थांब्यावर सकाळी सात ते नऊ या वेळेत किती बसगाड्या आल्या? आम्ही आमच्या वस्तीत हे विचारले आहे. पहिला आकडा लगेच मिळाला. दुसरा कोणाजवळ नव्हता, म्हणून आमच्या चार बायकांनी वही घेऊन थांब्यावर उभे राहून तो मोजला. ती वही घेऊन आम्ही पुढच्या सभेला जाणार आहोत.